चावीचं घड्याळ

बुध. ७ मार्च ७३, येडशी
सोसायटीच्या चेअरमननं बाबांवर चोरीचा अर्ज दिलाय. ठाण्यातल्या हवालदारानं स्वतः सांगितलं, म्हणजे पक्कं. वस्तू : 'आजोबांच्या वेळचे, हरवलेले, चांदीचे, चावीचे घड्याळ.'
बाबा दुष्काळी कामावर मुकादम. खडी फोडणाऱ्या बायांना जेवणाची सुट्टी खिशातल्या घड्याळावर देतात. परवा हा चेअरमन काम बघायला आला नि सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्यात कुठनं आलं हे?"
तुमच्यात! रेल्वेत असताना गार्डाकडून विकत घेतलंय बाबांनी. तो गार्ड आता हयात नाही.

गुरु. ८
फौजदाराला विचारलं, चावीचं म्हणजे नक्की कसलं?
"चावी दिल्याबिगर चालतंय का तुमचं? मग झालं की."
त्याच्या मनगटावरचंही चावीचंच. त्यालाही आत घाला. हे तोंडावर बोललो नाही, म्हणून जास्तच संताप. सोमवारी घड्याळासह हजर व्हायचंय.

शनि. १०
उस्मानाबाद. घड्याळजीनं मागचं झाकण उघडून भिंग लावलं. "लई जुनं न्हाय हे मशीन. पहिल्या घड्याळांची चावी सुटी असायची, मागच्या भोकात घालून फिरवायची. ह्याला भोकच न्हाय. डोक्यावरचं बटन फिरवायचं. तीसेक वर्षांचं आसंल."
चेअरमनचा आजा त्याच्या कितीतरी आधी गेला! म्हणालो, एवढं लिहून द्या.
त्यानं भिंग खाली ठेवलं. "सोसायटीची समदी घड्याळं माझ्याकडंच येत्यात, भाऊ."
भेकड.

रवि. ११
बाबांना सांगितलं, तर माझ्यावरच उखडले. "शंभर वर्साचं हाय ते! गार्डसायबानं सांगितलं व्हतं."
गावभर हेच सांगत आलेत. चेअरमनला आयतं सापडलं.
"बाबा, उद्या तीस म्हणा. न्हाईतर चोर ठराल."
"म्या खोटं बोलू?"
"तेच खरंय."
घड्याळ खिशातून काढून उलटसुलट पाहिलं. मग हळूच, "म्हंजे गार्डानं मला फशिवलं व्हय?"
चेअरमनचा नव्हता आला एवढा राग त्या मेलेल्या गार्डाचा आला.

सोम. १२, सकाळी
हवालदाराचा निरोप : चेअरमन पुरावा म्हणून घरातली जुनी सुटी चावी आणतोय. आणू दे. फौजदारासमोरच म्हणणार, घाला आता कुठं घालायची ती.
पण फौजदार आधी बाबांना विचारणार, घड्याळ किती जुनं. बाबा पांढरी टोपी घालून दारात उभे आहेत. काय सांगणार ते दोनदा विचारलं. "चल, उशीर व्हतोय," एवढंच म्हणतात.