चकचकीत बाजूला हळद

शहापूर, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २००८

डोकं फिरलंय माझं. लिनक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टीम आधी सीडीवरूनच चालवून बघायची, लॅपटॉपच्या डिस्कला हात लावायचा नाही, हे मी ठरवलं होतं. ताईच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. दादाचं आपलं एकच, “सगळं पुसून टाक, फॉरमॅट मार!”

काल आईने विळ्या-कोयत्याशेजारी लॅपटॉप पूजेला मांडला, सीडीही मांडली. नेमकी चकचकीत बाजू वर, आणि त्यावर ओली हळद! दसऱ्याला पूजेतलं काही उचलायचं नसतं, म्हणून मी ती तशीच राहू दिली. आज मी पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात दादाने ती वाळलेली हळद अक्षतांसकट चड्डीला घासून पुसली. सीडीभर चरे. आत घातली तर लॅपटॉप नुसता घरघरतोय, वाचत काहीच नाही. वर हा म्हणतो, “तरी सांगत होतो, फॉरमॅट मार.” अरे, मारू कशाने? तुझ्या चड्डीने?

आई घाबरून विचारते, “माझा काय चुकला का रे?”

“नाय गो, तुझा काय नाय.”

ठरलं. कल्याणहून दुसरी सीडी आणणार, आणि लिनक्स आधी तिच्यावरूनच चालवणार. आणि पुढच्या दसऱ्याला दादाचा मोबाईल मी स्वतः पूजेला मांडणार. हळद चांगली पातळ कालवून.