फायनल कटचा वारस

मी, खाली सही करणारा चित्रपट दिग्दर्शक, वय त्रेपन्न, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची व्यवस्था लिहून ठेवत आहे. उद्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "रोजचंच काम आहे." त्यांचे असेल. मला भीती वाटते, आणि तसे लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही.

१. घर व बँकेतील शिल्लक पत्नीची. लेन्सा मुलीच्या. त्या शर्टाच्या टोकाने पुसू नयेत.

२. मी कोणत्याही संस्थेत शिकलो नाही; प्रोजेक्टर दुरुस्त करता करता शिकलो. सध्या हातात असलेल्या सुपरहिरोच्या चित्रपटाचा करार मी स्वतः शब्दन्‌शब्द वाचला आणि फायनल कट, म्हणजे शेवटची आवृत्ती ठरवण्याचा हक्क, स्वतःकडे ठेवला. माझ्या पश्चात तो मी नेमेन त्या व्यक्तीकडे जाईल. कोणी नेमले नाही, तर स्टुडिओकडे. स्टुडिओचे साहेब हल्ली रोज फोन करतात. "सर, जपा हं. ऑपरेशन नक्की कधी?" तेव्हापासून झोप उडाली आहे.

३. भांडण एका प्रसंगाचे आहे. उडी मारण्याआधी हिरो मुखवटा मांडीवर घेऊन जिन्यात बसून राहतो. घाबरलेला असतो. साहेब म्हणतात, "घाबरट हिरोची खेळणी कोण घेणार?" माझे म्हणणे, तो प्रसंग काढला तर पडद्यावर नुसता रबरी पोशाख उडेल.

४. सदर हक्क मी माझ्या संकलक बाईंना देतो. त्या प्रत्येक चित्रपटात माझ्याशी भांडल्या, पण मला न विचारता कधी एक फ्रेमही कापली नाही. काल भेटायला आल्या तेव्हासुद्धा म्हणाल्या, "प्रसंग चांगलाय, पण लांबलाय. तुम्हाला स्वतःच्या शॉटचा फार लळा."

५. बाईंसाठी अटी: प्रसंग एका फ्रेमनेही कमी करू नये. त्याखाली संगीत घालू नये. रंग बदलू नये. शंका आल्यास माझी टिपणे प्रमाण मानावीत.

६. वरील कलम पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, "अहो, स्टुडिओची पत्रं अशीच असतात की. गेल्यावरही बाईंच्या खुर्चीमागे उभे राहणार का?" मी बराच वाद घातला. मग कलम ५ पुन्हा वाचले; भाषा स्टुडिओचीच होती. सबब कलम ५ रद्द. बाईंनी प्रसंग ठेवावा, छाटावा वा काढून टाकावा. शेवटचा शब्द त्यांचा. हे लिहिताना ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटत आहे.

सही: दिग्दर्शक

आम्हा दोघांदेखत सही केली:
शेजारच्या खाटेवरील निवृत्त ड्रायव्हर
वॉर्डातील परिचारिका

स्थळ: हॉस्पिटल, खिडकीकडची खाट
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस