मला बोट लागते

पनवेल,
९ डिसेंबर २०२५

प्रिय रुमाना,

सलाम. कशी आहेस? माझा नंबर तू ब्लॉक केलास, ते बरोबरच केलंस. म्हणून कागदावर लिहितेय. तुमच्या दुकानात जमिलाचाचींच्या हातात देईन आणि बाहेरूनच निघेन.

तळोज्याचा कारखाना ठीक आहे. कँटीनची आमटी खारट असते. आई सारखी विचारते, तुझी ती मैतरीण येत नाय का आता? मी सांगते, तिची वेळ बदलली.

हे सगळं मी उगाच लिहीत बसलेय.

त्या दिवशी सेफ्टीच्या ट्रेनिंग सेंटरात डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून त्यातल्या खोट्या आगीतून बाहेर पडायची परीक्षा होती. तुला उलटी झाली, मुलं हसली. तू तोंड पुसलंस आणि सत्यजीत सरांना शांतपणे म्हणालीस, की या काचा माझ्या डोळ्यांसमोर नीट बसत नाहीत, बायकांना हा त्रास जास्त होतो असं मी वाचलंय. सरांनी माझ्याकडे बोट केलं.

"ही तुझी मैत्रीण पूर्वी, ती पण मुलगीच आहे ना? हिला कुठे काय झालं?"

तू माझ्याकडे बघितलंस. एवढ्या भरवशाने कुणी माझ्याकडे बघितलं नव्हतं गं. आणि मी म्हणाले, "नाय सर. आमी दर्याची मानसं."

तुला नापास करून घरी पाठवलं. इतकी भांडून तू इलियासचाचांकडून परवानगी काढली होतीस, पण त्यांनी तुला परत दुकानाच्या गल्ल्यावर बसवलं.

रुमाना, मला बोट लागते.

आमच्यात समुद्रावर पुरुष जातात, बायका मासळी विकतात. बाबांच्या होडीत मी कधी बंदराबाहेरही गेले नाही. उरणजवळच्या मोऱ्याच्या लाँचने मुंबईला जायचं म्हटलं तरी मी आईच्या पदरात तोंड खुपसून बसते. गुणाबाई आजी खास माझ्यासाठी हुंगायला लिंबू बरोबर घेते. पण पनवेलकरांना वाटतं कोळ्याची पोर पाण्यातच जन्मते, आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

हेडसेटमध्ये जिना हलायला लागला तसे मी डोळे मिटून घेतले. इतरांची परीक्षा भिंतीवरच्या टीव्हीवर बघून रस्ता पाठ झाला होता. डावीकडे, जिना, पुन्हा डावीकडे, दार. तशीच बटणं दाबत बाहेर आले. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या. सर्टिफिकेटही घेतलं, त्यावरच ही नोकरी लागली.

काल कारखान्यात सायरन वाजला. नुसता सराव होता, पण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पॅकिंगच्या बायकांना बाहेर काढायचं काम माझं. मी डोळे मिटून जागच्या जागी उभी राहिले. शेवटी पॅकिंगमधल्या दिपिकाताईंनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "अगं, आम्ही सगळ्या तुझ्याकडे बघत होतो."

मला तूच आठवलीस.

आज रजा टाकून सेंटरला गेले आणि सरांना सगळं सांगितलं. हेडसेटच्या खाली दोन काचा एकमेकींच्या जवळ-लांब करायचं चाक असतं. मुलं ते सारखी फिरवतात म्हणून सरांनी स्वतःच्या डोळ्यांना जुळवून वर चिकटपट्टी मारून ठेवली होती. ती काढली, काचा जवळ आणल्या, मी हेडसेट पुन्हा घालून बघितला. मळमळ पूर्ण गेली नाही, पण डोळे उघडे ठेवता आले. तू म्हणत होतीस ते खरं होतं. सर बराच वेळ चिकटपट्टी बोटाला गुंडाळत बसले. माझं सर्टिफिकेट रद्द झालं. येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता दोघींची परीक्षा परत घेतो म्हणाले.

माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते. तू ये एवढंच मागते. हवं तर माझ्याशी बोलू नकोस. आधी मी बसेन. उलटी झाली तर त्या सगळ्या मुलांसमोर होऊ दे, या वेळी डोळे उघडे असतील.

लिंबं दोन आणेन.

तुझी म्हणवायला न धजणारी,
पूर्वी