बुद्धी पाच, शहाणपणा सतरा

सिंदेवाही,
ता. १६ नोव्हेंबर १९८६

प्रिय सुगत,

सप्रेम जयभीम. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, वाचून सोडून दे. तिकडे अमेरिकेत थंडी पडली असेल, कान बांधत जा, रात्री दूध घेत जा (हे तुझ्या मीराताईनं सांगितलं म्हणून. मला विचारशील, तर थंडीनं तुझी बोटं गेल्या पावसाळ्यातच आखडली असती आणि ते पार्सल बांधता आलं नसतं, तर फार बरं झालं असतं). मीराची तब्येत ठणठणीत आहे. माझी विचारू नकोस. तुझ्या बाबांचा दमा आटोक्यात आहे, पण तुझे बाबा आटोक्यात नाहीत, आणि हे पत्र त्याचसाठी आहे.

सरळ सांगतो. तुझे बाबा, म्हणजे माझे सासरे, आमचे मामाजी, म्हणजे अख्ख्या सावली तालुक्याचे वामन गुरुजी, बेचाळीस दिवसांपासून माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. मळणी संपली की ते आमचं घर सोडून सावलीच्या आपल्या रिकाम्या घरात एकटे राहायला जाणार आहेत. दम्याचा माणूस, जन्मात चुलीपुढे बसलेला नाही. तुझी आई गेल्यावर किती मिनतवाऱ्या करून मी त्यांना सिंदेवाहीला आणलं होतं, ते तुला माहीत आहे. आणि हे सगळं कशामुळे? तर तू पाठवलेल्या त्या खोक्यातल्या खेळामुळे. "बाबांचा वेळ जाईल," असं लिहिलं होतंस. गेला. वेळ गेला, आता बाबाही चाललेत.

तू म्हणालास, खेळ सोपा आहे. अरे, मी पंधरा वर्षं या धान संशोधन केंद्रावर फुटवे मोजतो, लोंब्या मोजतो, हजार दाण्यांचं वजन करतो. आकड्यांना मी भीत नाही. पण ज्या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही, नुसतं एका माणसानं "तुम्ही गुहेत शिरलात" म्हणायचं आणि बाकीच्यांनी खरोखरच शिरल्यासारखं घाबरायचं, तो खेळ सोपा कसा? (तो एक माणूस मी. पुस्तक इंग्रजीत, आणि घरात डिक्शनरी माझी.) प्रत्येकानं आधी आपलं एक सोंग घ्यायचं, आणि तीन-तीन फासे टाकून त्या सोंगाचे सहा गुण ठरवायचे. बळ, चपळाई, तब्येत, लोकांवर पडणारी छाप, बुद्धी, आणि सहावा गुण. सहाव्यानंच घात केला. डिक्शनरीत पाहून मी वहीत लिहिलं "शहाणपणा". पुण्यात हा गुण असेल. आपल्याकडे कोणाला शहाणा म्हटलं की तो आधी विचारतो, माझं काय चुकलं.

खेळायला आम्ही चौघं. मी, मीरा, गुरुजी आणि सुकलू. सुकलूला तू पाहिलेलं नाहीस. केंद्रावर माझ्या जोडीला असतो, जंगलातल्या गावचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. शाळेत गेलेला नाही, पण वाफ्यावरच्या पाटीकडे पाहून धानाचं वाण कोणतं ते सांगतो (अक्षरांच्या आकारावरून ओळखतो. माझी चूक दोनदा त्यानंच काढली आहे). रविवारी जेवणं झाली की आमच्या क्वार्टरच्या पडवीत बसायचो. फासे पडले. मीराला बळ अठरा, ही घरात आधीच माहीत असलेली गोष्ट. सुकलूला बुद्धी सतरा. आणि गुरुजींना बुद्धी पाच, शहाणपणा सतरा.

मी वाचून दाखवलं, आणि गुरुजींनी चष्मा काढला. "मले शहाणपणा सतरा? जवाईबापू, मी तुमच्या घरी कोनता शहाणपणा केलो?" समजावता समजावता माझा घसा बसला.

पुढे मंत्रांचा घोळ. तुझ्या पुस्तकात मंत्र दोन जातीचे. एक मांत्रिकाचे, ते पोथीतून पाठ करायचे, त्याला बुद्धी लागते. जेवढी बुद्धी मोठी तेवढे मंत्र जास्त. दुसरे पुजाऱ्याचे, ते देव देतो, त्याला शहाणपणा लागतो, आणि तो नऊच्या खाली असला तर मंत्र फुसका जातो. मांत्रिक म्हटल्यावर गुरुजी उठूनच चालले होते. ज्या माणसानं तीस वर्षं गावोगावचे लिंबू आणि अंगारे गोळा करून वर्गात टेबलावर मांडले, त्याला मी मंत्र म्हणायला लावत होतो! पण मांत्रिक सकाळी मंत्र पाठ करतो आणि एकदा म्हटला की विसरतो, हे वाचल्यावर ते परत बसले. म्हणाले, ही जादू नव्हे, हे पाठांतर आहे, परीक्षेनंतर माझे सातवीचे पोट्टे असेच व्हायचे. यावर सुकलू म्हणाला, "आमच्या गावचा पुजारी म्हातारा झाला, येकही मंत्र इसरला नाई. तुमच्या अमेरिकेचा मांत्रिक कच्चा हाय." मात्र बुद्धी पाच असताना गुरुजींना पाठांतरही जमेना. राहिला पुजारी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला पुजारी करायची माझी हिंमत नव्हती. शेवटी त्यांनीच तोड काढली, त्यांचं सोंग म्हणजे सरकारी दवाखान्याचा कंपाउंडर. मंत्राऐवजी औषध देणार, आणि शहाणपणा म्हणजे अनुभव. सोंगाचं नावही त्यांनी वामनच ठेवलं. मी कबूल झालो, आणि खरं सांगतो, त्यानंतरचे तीन रविवार या घरात आई गेल्यानंतर पहिल्यांदा हसणं ऐकू आलं. गुरुजी गुहेतल्या राक्षसांनाही हात धुवायला सांगायचे.

चौथ्या रविवारी सुकलू नव्हता. हलकं, लवकर येणारं धान पिकलं होतं, पोपटांनी उच्छाद मांडला होता, तो पाखरं हाकायला गेलेला. आमची स्वारी गुहेत एका बंद दारापाशी आली. दारावर मजकूर कोरलेला, वाचला की दार उघडतं. मी तो हौसेनं कागदावर लिहून मध्ये ठेवला. गुरुजींनी उचलला आणि खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. आणि मी, सुगत, मी त्यांना थांबवलं. म्हणालो, "मामाजी, तुम्हाले वाचता येत नाई."

मीरा शेंगा फोडत होती, तिचा हात थांबला. मी पुस्तक उघडून बोटच ठेवलं. बुद्धी पाच किंवा खाली, त्याला लिहिता-वाचता येत नाही. नियम म्हणजे नियम. (माझा स्वभाव तुला माहीत आहे. एक लोंबी चुकली तर मी अख्खा वाफा पुन्हा मोजतो.)

गुरुजी एरवी आपल्यासारखंच बोलतात, पण खरा राग आला की शुद्ध पुस्तकी मराठीत शिरतात. त्या दिवशी त्यांच्या तोंडून एकदाही "मले" निघालं नाही. म्हणाले, "जन्माच्या वेळी पडलेल्या आकड्यावरून कोणी कोणती अक्षरं वाचायची हे ठरवणारं पुस्तक मी ओळखतो, जवाईबापू. ते अमेरिकेत छापलं म्हणून नवीन होत नाही. मी शाळेच्या पायरीवर, दाराबाहेर बसून बाराखडी शिकलो. आतल्या मास्तरांचाही नियम म्हणजे नियमच होता." मग फासे माझ्यापुढे सरकवले. म्हणाले, आता तुमचे टाका. मी म्हटलं, खेळ चालवणाऱ्याला गुण नसतात. मीरानं फासे उचलून माझ्या हातात कोंबले (बळ अठरा). मी टाकले. काय पडलं ते इथे लिहीत नाही, उगाच पत्राचं वजन वाढतं.

त्यांच्या पायरीची गोष्ट मी लग्न ठरताना ऐकली होती, आणि ऐकून डोळे पुसले होते. त्या दिवशी ती मला आठवायला हवी होती. आठवली नाही. मला लाज वाटते, आणि ती लाज तुझ्याखेरीज कोणाला सांगता येत नाही.

त्या दिवसापासून गुरुजी माझ्याशी पाटीवर बोलतात. खरी पाटी, दगडी, लाकडी चौकटीची. सकाळी समोर धरतात: "चहा गोड कमी." मी वाचली की पुसतात. "पंखा बंद." "बूट दारात नको." लिहिता येतं हे मला दिवसातून वीस वेळा दाखवतात, आणि अक्षर असं मोत्यासारखं की भांडताही येत नाही. दुपारी पाटी काखेत मारून खळ्यावर सुकलूकडे जाऊन बसतात, दोन-दोन तास. माझ्या कागाळ्या चालत असणार, दुसरं काय? मी गेलो की दोघं गप्प, आणि सुकलू पाटी पालथी घालतो. मी सुकलूला विचारलं, काय लिहिता रे? तर म्हणतो, "तुमची बुद्धी पुरनार नाई, साहेब." आठ दिवसांपूर्वी पाटीवर आलं: "मळणीनंतर सोमवारी सावली." मला आधी वाटलं, हवामानाचं काही सांगतात. मग पाहतो तर खाटेखालची ट्रंक बाहेर काढलेली. मीराला म्हटलं, अडव त्यांना. ती म्हणाली, "मी काऊन अडवू? तुमी वाचता येत नाई म्हनले, तुमीच पाहा." असं माझं घर चाललं आहे.

तर हा असा मजकूर. अभ्यास नीट कर. थोरला म्हणून आशीर्वाद देतो, पण या वेळी तो अगदी मनापासून आहे असं समजू नकोस.

तुझा,
हरिदास भाऊजी

ता. क. तुझ्या कॉलेजच्या छापील कागदावर इंग्रजीत टाइप केलेलं एक पत्र मला पाठव. त्यात असं असावं की हा खेळ काढणाऱ्यांनी नियम सुधारला असून बुद्धी कितीही असली तरी माणसाला लिहिता-वाचता येतं. खोटं लिही असं मी म्हणत नाही, पण शेवटी गोल शिक्का हवाच. मळणी अजून महिनाभर चालेल, तेवढ्यात यावं. गुरुजी गेले तर या पडवीत मला बसवणार नाही.

ता. क. २. त्यातच जाता जाता असंही घाल, की खेळ चालवणाऱ्यानं टाकलेले फासे धरत नाहीत.

चि. सुगत यास अनेक आशीर्वाद. जवाईबापू पाकीट उघडं ठेवून ऑफिसात गेले. पत्रात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या आहेत. खोटं पत्र पाठवू नकोस. नियम आम्ही इथेच बदलला, त्याला कोणाचा शिक्का लागत नाही. फासा जन्माचा आकडा देतो, पुढचे आकडे शाळा देते. खेळातला माझा वामन रोज एक तास शिकायला बसतो, आज त्याची बुद्धी नऊ आहे. सावलीला मी एक दिवसासाठी जाणार आहे, घरातले अंकलिपीचे तक्ते आणायला, ट्रंक त्यासाठी रिकामी केली. खळ्यावर आता पाच जण बसतात, एका पाटीवर भागत नाही. राग मला आला होता, तो पंधरा दिवसांत गेला. तेवढं जवाईबापूंना कळवू नकोस, मी पाटीवर बोलतो तेव्हापासून ते घरात पहिल्यांदा नीट ऐकतात. दूध घेत जा. खालच्या ओळी सुकलूच्या आहेत, मी हात धरलेला नाही.
— बाबा

सुगत भाऊ जय सेवा.
हे मी सुकलू लिवलो.
साहेबाचा आकडा त्यानं लिवला नाई. गुरुजीनं पाटीवर लिवला, मी वाचलो. बुद्धी चार.
म्हंजे हे येवढं मोठं पत्र त्याले लिवताच येत नाई. नियम म्हंजे नियम.