हळदीच्या बंड्या

मॉरिसव्हिल,
रविवार, १४ मे २००६

अहो,

शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल, हिमानी खुशाल, आणि तुमची खुशाली फोनवरच्या खाकरण्यावरून कळतेच. बीपीची गोळी जेवणानंतर घ्यायची, आधी नाही. सीमा कामाला वेळेवर येते ना? कुंड्यांना पाणी तिलाच घालू द्या. तुम्ही घालू नका, तुम्ही मोगरा बुडवता.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देता कुठे? ‘काम झालं का?’ एवढं विचारता आणि मी तोंड उघडायच्या आत ‘बरं, ठेवतो’ म्हणता. कागदाला मधेच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा लावा, खुर्चीत नीट बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

काम कुठलं ते मी विसरलेले नाही. ‘त्या ऑस्ट्रेलियनच्या नादातून पोरीला सोडव आणि बरोबर घेऊन ये,’ असं विमानतळावर चार लोकांत सांगितलंत. चोवीस जूनचं लग्न मोडायला मला पाठवलंत. त्याचा रिपोर्ट देतेच. आधी इथली हवा सांगते.

हवा अशी आहे की दुपारी माणूस जागं आहे की झोपलंय तेच कळत नाही. घरामागे पाइनची उंचच्या उंच झाडं. वारा आला की वरच्या वर हलतात, खाली पान हलत नाही. मी आले तेव्हा त्यांचा पिवळा पराग गाड्यांवर, पायऱ्यांवर, अंगणातल्या बाकावर सगळीकडे बसलेला. हिमानी ऑफिसला गेली की मी मागच्या ओट्यावर बसते. माती लाल आहे, आपल्या कोकणासारखी. ऊन झाडांतून गाळून येतं. परवा बसल्या बसल्या डोळा लागला आणि वाटलं, तुम्ही आत पेपर वाचताय, आता चहा मागाल. उठून आधण ठेवलं सुद्धा. मग एकटीने दोन कप प्यायले.

बरं. ग्लेन.

नाव काढल्यावर कपाळाला आठी घातलीत ना? घाला. हा मुलगा इथे बियाण्यांच्या प्रयोगशाळेत आहे. लांबट, उन्हाने रापलेला, कानाच्या पाळ्या कायम लाल. मला ‘काकू’ म्हणतो. बाकी माझं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी, दोन्हीची बोंब, त्यामुळे आमचं फार छान जमतं. नाही, म्हणजे जमतं असं नाही. बोलणं होतं.

शनिवारी तो त्याच्या देशाचा फुटबॉल खेळतो. इथे आठदहा ऑस्ट्रेलियन आणि त्यांनी पटवलेले बाकीचे अमेरिकन, अशी टीम आहे. आपला शेजारचा ऋषीसुद्धा खेळतो, नागपूरचा. मैदान अंड्यासारखं, चेंडू अंड्यासारखा, दोन्ही टोकांना चार चार खांब. हातात धरायचा, लाथ मारायची, एकमेकांच्या खांद्यावर चढून झेलायचा. नियम मला विचारू नका. अंगात बिनबाह्यांची बंडी असते, तिला ते जंपर म्हणतात. ह्यांची लाल आहे.

आता समोरची टीमही लाल निघाली तर? पास कुणाला द्यायचा तेच कळणार नाही. म्हणून प्रत्येक टीमकडे दुसऱ्या रंगाचा एक जोड असतो, आणि पाहुण्यांनी तो घालायचा असा रिवाज आहे. घरच्यांनी आपला रंग सोडायचा नाही.

त्याचा सगळा इतिहास ग्लेनने मला सांगितला. मी मेथी निवडत होते, तो समोर बसून माझं बघून काड्या मोडत होता. त्याच्या आजोबांच्या वेळी दुसरा जोड वगैरे काही नव्हता. दोन्ही टीम एकाच रंगाच्या निघाल्या की पाहुणे लोकरी जंपर उलटं करून घालायचे, शिवण बाहेर. मग गावातल्या बायकांनी शक्कल काढली. छातीवर पांढरा पट्टा कच्च्या टाक्यांनी टाचायचा आणि सामना संपला की उसवायचा. पुढे सतत दुष्काळ पडला, शेतं विकली गेली, पोरं शहरात गेली. ह्या खेळाला अठरा लागतात, अकरा-बारा पोरांत टीम कशी होणार? तेव्हा शेजारच्या गावच्या टीमशी एक झाली. मैदान शेजारच्यांचं, लाल रंग शेजारच्यांचा. ह्यांच्या गावचा रंग निळा. तो पुसायला नको म्हणून त्याचा दुसरा जोड केला. वर्षातून दोनचारदा, पाहुणे म्हणून गेले आणि समोर लाल आले, की निळा बाहेर काढायचा.

ग्लेनचे वडील निळ्या गावचे. ते लाल रंगाच्या दिवशी कधी मैदानावर गेले नाहीत. निळ्याच्या दिवशी मात्र सकाळपासून गाडी कुंपणाला लावून आत बसायचे. आपल्यांनी गोल केला की हॉर्न वाजवायचा, तिथली पद्धतच आहे.

मी विचारलं, “आणि तू लाल घालून खेळायचास तेव्हा?”

“घरी बसायचे, काकू. फायनललाही आले नाहीत.”

अहो, मी काड्या आणि पानं एकाच भांड्यात टाकत बसले. मला तुम्ही आठवलात. तो म्हाताराही वाईट नाही, नुसता हट्टी आहे. त्यालाही सून परक्या देशातली, धर्म वेगळा, हे पचलेलं नव्हतं. मग मी विचारलं, लग्नाला तरी येणार का? ग्लेन म्हणाला, येतायत. कालच म्हणाले, बूट कुठले घालायचे.

मी मग उठून कढई ठेवली.

आता कालच्या शनिवारचं सांगते, ते महत्त्वाचं आहे. डोंगरापलीकडून एक टीम येणार होती, आठ तास गाडी चालवत. तीही लाल. नियमाने त्यांनी बदलायचं, पण ती पोरं नवीन, त्यांच्याकडे एकच जोड. ग्लेन म्हणाला, इतक्या लांबून येतात, आपणच बदलू. मला बरं वाटलं. इतकं तर आपल्यातही नसतं कुणी करत. पण ह्यांचा दुसरा जोड विटून, फाटून गेलेला. दुकानातून सुती पांढऱ्या बंड्या आणल्या, तर कळलं की पांढरा चालत नाही, पंच पांढरे कपडे घालतात.

हिमानी म्हणाली, “आई, कॅन्सल करतील ते. तू उगाच टेन्शन घेऊ नकोस.”

“टेन्शन कसलं?” मी म्हटलं. “घरात हळद नाही का?”

इंडियन स्टोअरमधली होती नव्हती ती हळद आणली. गॅरेजमध्ये मोठं पातेलं शेगडीवर ठेवलं, तुरटी टाकली आणि बंड्या उकळल्या. मी काठीने ढवळते आहे, हिमानी नाकाला ओढणी लावून बंड्या पिळते आहे, ग्लेन दोन पाइनमध्ये दोरी बांधतो आहे. सावलीत वाळवा, उन्हात हळद उडते, असं मी बजावलं. संध्याकाळी सगळं अंगण पिवळं. वाफेचा वास, झाडांतून तिरकं ऊन, आणि बंड्या एका लयीत हलताहेत. मी ओट्यावर टेकले आणि बघत राहिले. वाटलं हे आपलंच अंगण आहे आणि आत कुणीतरी गहू निवडतंय. किती वेळ बसले होते कोण जाणे.

सकाळी उठते तर दोरीवर लाल बंड्या! विटकरी नाही, केशरी नाही, चक्क कुंकवासारख्या. मी घाबरले. तेवढ्यात ग्लेन आला, चेहरा खुललेला, मोठी कामगिरी केल्यासारखा. पहाटे उठून त्याने सगळ्या बंड्या मशिनमध्ये धुतल्या होत्या. वास जावा म्हणून, आणि वर त्याची आई घालायची तसा मूठभर धुण्याचा सोडा घातला होता.

मला इतकं हसू आलं की मी ओट्यावर बसले. म्हटलं, “अरे गाढवा, हळदीला खार लागला की ती लाल होते! आमचं कुंकू असंच करतात!” त्याला गाढव तेवढं कळलं. कानांसकट चेहरा लाल झाला. पाहुणे येऊन ठेपले, तेही लाल, आता काय? मी म्हटलं, घाबरू नको, आंबट घातलं की परत पिवळी होते. घरातली लिंबं, मग दुकानातले व्हिनेगरचे मोठे कॅन, सगळं गाडीत घातलं.

मैदानावर ड्रम ठेवला. पाहुण्यांची टीम कपडे घालून रांगेत उभी, पंच घड्याळ बघताहेत, आणि आमची धटिंगण पोरं एकेक बंडी ड्रममध्ये बुडवताहेत. लाल बंडी आत जायची आणि पिवळीधमक बाहेर यायची. दरवेळी टाळ्या. पाहुणेही वाजवत होते. ऋषी ओरडला, “काकू, जादू यार!” पिळून ओल्याच अंगात चढवल्या सगळ्यांनी.

सामना संपेस्तोवर हळद उतरली. मानेवर, दंडांवर, पोटऱ्यांवर. सगळ्या टीमच्या घामातून हळद गळत होती. हरले, पण हसत होते. ग्लेन माझ्याकडे पाणी मागायला आला तेव्हा त्याची मान, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं झालं होतं. आपल्या मराठी मंडळातली दीपा शेजारी उभी होती. ती म्हणाली, “सरलाकाकू, जावयाला हळद लागली की हो!”

सगळ्या बायका हसल्या. हिमानी हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. पोरगी किती वाळली आहे, अहो, ते मला त्या क्षणी दिसलं. महिनाभर ती लग्नाबद्दल मला एक शब्द बोलली नव्हती. ना ‘तू कशाला आलीस’, ना ‘बाबा काय म्हणतात’. नुसती वाट बघत होती, आई आपल्या बाजूची की नाही.

आता लिहिते. इतकी पानं हेच लिहायचं टाळत होते.

बंडीची हळद चुकून लागली. ती धरू नका. पण त्यानंतर मी ड्रमच्या तळाशी बसलेली हळद बोटांवर घेतली आणि ग्लेनच्या दोन्ही गालांना लावली. मग कपाळाला. मग तीच उष्टी हळद हिमानीच्या गालाला. मुद्दाम लावली. शपथेवर सांगते, चुकून नाही. व्हिनेगरची हळद शास्त्रात बसते का ते गुरुजींना विचारा, मला विचारू नका. हिमानीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि भर मैदानात हमसून हमसून रडली. मीही रडले. तो गाढव पाण्याची बाटली धरून तसाच उभा.

तर हा रिपोर्ट. तुम्ही सांगितलेलं काम झालं नाही, आणि आता होणारही नाही. रागवा. ताट ढकला. दोन दिवस सीमाशीही बोलू नका. तिसऱ्या दिवशी मात्र बोला, ती घाबरते. मुलगा चांगला आहे. मी बघितला, निवडला, पसंत केला. तुम्ही ह्या बाबतीत माझ्या शब्दाबाहेर कधी गेला नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

आज सकाळी इथल्या देवळातल्या गुरुजींकडे जाऊन आले. त्यांनी विचारलं, कन्यादानाला वडील बसणार ना? मी म्हटलं, त्यांचं तिकीट अजून काढलेलं नाही. ते समजूतदार आहेत. म्हणाले, यजमान नसतील तर काळजी करू नका, त्यांच्या जागी पाटावर सुपारी ठेवायची, शास्त्राला चालतं.

येताना दुकानातून एक चांगली, गोल सुपारी घेतली आहे. ती ह्या टेबलावरच आहे. शास्त्राला चालत असेल, अहो, मला चालत नाही. तुमच्या घोरण्याशेजारी, तुमच्या रागाशेजारी, तुमच्या आजारपणाशेजारी जन्म काढला, आता लेकीच्या लग्नात सुपारीशेजारी बसू? पण वेळ आलीच तर बसेन. डोळ्यांत पाणी न आणता बसेन, आणि हिमानीचा हात त्याच्या हातात देईन.

तुमचा व्हिसा अजून चालू आहे. ट्रॅव्हलवाल्या अनीशला फोन करा, तो तिकिटाचं बघेल.

पाटावर तुमची जागा धरून बसलेली,
सौ. सरला