हिच्या बोटीतली नवी बॅटरी

४ नोव्हेंबर

नवी बॅटरी आली एकदाची. ही खूश. मी नाही.

धक्क्यासमोरच्या मोठ्या दुकानातून घेतली. दुकानदार म्हणाला, "डोळे झाकून न्या." मी डोळे उघडे ठेवले — वरून फडकं मारून चकचकीत केलेली, पण टर्मिनलच्या कडेला धूळ घट्ट बसलेली. कधीपासून फळीवर पडून होती कोण जाणे. हिला दाखवलं तर म्हणाली, "अहो, धूळ आहे ती, रोग नाही." दुकानातले सगळे हसले. मीही हसलो.

५ नोव्हेंबर

हमीचं स्टिकर नेमकं तारखेवर चिकटवलं होतं. नखाने कोपरा उचलला. बॅटरी बनून दीड वर्ष झालंय!

चार्ज न करता पडून राहिली की बॅटरी आतून मरत जाते, प्लेटांवर थर धरतो — कुठेतरी वाचलंय मी. वरून काहीच दिसत नाही. भीती त्याचीच वाटते.

हिला सांगितलं. "दूध आहे का नासायला?" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

असेल तिचं बरोबर. मी शिंपी. बोटींची कव्हरं शिवतो, पण बोटीत पाय ठेवत नाही. पोहता येत नाही, धक्क्याच्या टोकापर्यंतही जात नाही. बोट हिची, तिच्या वडिलांनी दिलेली. समोरच्या बेटावर दीपगृहातल्या माणसांना सामान पोचवते. जाते एकटी, येते एकटी.

८ नोव्हेंबर

शेजारच्या वायरमनकडून मीटर आणला. बॅटरी पूर्ण चार्ज केली, चार्जर काढला, रात्रभर तशीच ठेवली. चांगली असती तर सकाळी साडेबारा व्होल्टच्या वर दिसायला हवी होती. काटा बाराच्या आसपास घुटमळतोय. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. ही चहाचा कप घेऊन मागे उभी. "तिला ताप आलाय का?"

९ नोव्हेंबर

बॅटरी घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आत नेली, बराच वेळ चार्जरला लावली, मग बाहेर आणून त्याचं यंत्र जोडलं. हिरवा दिवा. "साहेब, बॅटरी ठणठणीत आहे. तुमचा मीटर म्हातारा झालाय."

चार्जरवरून नुकती काढलेली कुठलीही बॅटरी तरतरीतच दिसणार. हे मला घरी पोचल्यावर सुचलं. माझं नेहमीचंच.

१० नोव्हेंबर

"पहिल्या फटक्यात सुरू झाली. आता तरी नीट जेवा," बेटावरून परत येताच ही म्हणाली.

१४ नोव्हेंबर

बोलणं सोडलंय. फार बोललो की तिचा चेहरा दगडासारखा होतो.

पण बेटावर सामान उतरवताना ती इंजिन बंद करते आणि पाणी उपसायचा पंप, रेडिओ, दिवा सगळं चालू ठेवते. ही बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती. सारखी अशी पिळली तर चांगलीसुद्धा टिकायची नाही. शिवताना तेच डोक्यात. आज एका कव्हरची बाही उलटी शिवली. कव्हरला बाही नसते हे नंतर लक्षात आलं. गिऱ्हाइकाच्या कोटाची होती.

१९ नोव्हेंबर

वारा सुटलाय. तरी गेली.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ

आली. अक्षर वाकडं येतंय.

जेवायच्या वेळेपर्यंत यायला हवी होती. बंदरातल्या कचेरीत गेलो, तिथला माणूस रेडिओवर हाका मारत होता. उत्तर नाही. "बंद ठेवला असेल हो," म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. धक्क्याच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिलो. खाली पाणी होतं. ते नंतर आठवलं.

शेवटी वाळू वाहणाऱ्या बोटीच्या मागे, दोराला बांधलेली, हिची बोट दिसली. ही सुकाणूपाशी उभी. मी तिथेच खाली बसलो.

२० नोव्हेंबर

परतताना लाटेत इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली तर नुसती टकटक. रेडिओ क्षणभर लागला आणि विझला. बोट खडकांकडे ओढली जात होती. नांगर टाकला, तो घसरत राहिला. मग कुठेतरी अडकला. खडक इतके जवळ होते की त्यांच्यावरचे शिंपले दिसत होते, म्हणाली.

बघायला आलेल्यांना हे सगळं हसत सांगितलं. "आमच्या ह्यांनी आधीच निदान केलं होतं," असंही. मला हसू आलं नाही.

२२ नोव्हेंबर

दुकानदाराने मुकाट्याने बॅटरी बदलून दिली. ह्या वेळी तारीख आधी बघितली — गेल्याच महिन्यातली. रात्रभर ठेवून मोजली, साडेबाराच्या वर. वजनालाही जड. वायरमनने पंपासाठी वेगळी बॅटरी बसवली. जिवात जीव आला.

२५ नोव्हेंबर

बोट धक्क्यालाच आहे. वारा आहे म्हणते. वारा नाहीये.

२७ नोव्हेंबर

हिने बोटीची किल्ली माझ्या मशीनवर आणून ठेवली. "मला भीती वाटते हो," म्हणाली. मी मशीन थांबवलं. ह्या घरात घाबरायचं काम माझं होतं. हिला धीर द्यायला मला येत नाही.