दोरीच्या आतला दगड

मी झुंबर सखाराम गांगुर्डे, वय शहात्तर, शिक्षण सातवी नापास, धंदा आधी फौज, मग ओझरच्या कारखान्याच्या गेटवर, आता मरणाची वाट बघणं, राहणार नाशिक, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरचं सर्टिफिकेट सोबत जोडलंय. डोकं ठिकाणावर नसतं तर बरं झालं असतं, पण आहे. दारू प्यालेलो नाही, कोणी दमदाटी केलेली नाही. आधी एक मृत्युपत्र केलं होतं, ते फाडलं. महेश वकिलांना सांगितलंय, मी बोलतो तसं लिहा, सजवू नका.

कलम १. अंत्यविधी साधा करायचा. फौजेतला फोटो लावायचा नाही. ‘देशासाठी झिजले’ असं कोणी बोलायचं नाही. बुद्धभूषण, तू माझा पुतण्या, तुला भाषणाची खाज आहे. ती दाबून धर.

कलम २. दोन खोल्यांचं हे घर मी माझ्या कमाईने बांधलं. ते वणीच्या कुसाबाईला द्यायचं. कोण ही कुसाबाई, असं बुद्धभूषणच्या बायकोने नाक उडवून विचारू नये म्हणून सांगतो. ती माझी बायको होती. चार वर्षं. बुद्धभूषण बारा वर्षं मला डबा आणतोय. भाजीत मीठ कमी, आशा जास्त. त्याला माझा स्वेटर.

कलम ३. उंबऱ्याशी एक काळपट दगड आहे. आमच्यात आज्यापासून विहिरी खोदायचं काम. विहीर पुरी झाली की तिच्या पोटातला एक दगड खोदणाऱ्याने घरी न्यायचा, ही चाल. नाही नेला तर पुढची विहीर कोरडी जाते. फौजेने मला खोदकामाला लावलं ते याच हातांसाठी. चौऱ्याहत्तर साली राजस्थानात पोखरणला आम्ही वाळूत खोल खड्डा खोदला. कशाला, ते विचारलं नाही. मे महिन्यात त्यात अणुबॉम्ब उडवला तेव्हा कळलं. जमीन उशीसारखी फुगली आणि खाली बसली. पुढे पेपरात वाचलं, त्या कामाला बुद्धाचं नाव दिलं होतं. आम्ही धम्म घेतलेली माणसं. राग यायला पाहिजे होता. मला अभिमान आला.

नंतर त्या जागेभोवती दोरी बांधली. आत कोणी जायचं नाही, कडक हुकूम. मला वाटलं, साहेबांचं अवडंबर. खड्डा मी खोदला, दगड माझा. तिसऱ्या दिवशी दोरीखालून सरपटत गेलो, दगड उचलला, बंडीत गुंडाळून पेटीत घातला. हुकूम बरोबर होता. गाढव मी होतो.

पंचाहत्तरला लग्न झालं. कुसाबाईने चार उन्हाळे त्या दगडाखाली लोणच्याच्या फोडी दाबल्या.

कलम ४. लोखंडी पेटीत तळाशी एक कागद आहे, अठ्ठ्याहत्तर सालचा. मूल होत नव्हतं म्हणून मी गुपचूप एका लॅबमध्ये तपासून घेतलं होतं. मला मूल होणं शक्य नाही, असं त्यात लिहिलंय. डॉक्टरने विचारलं, लहानपणी गालगुंड झाले होते का? झाले होते. दोरीच्या आत गेलो होतो, ते मी त्याला सांगितलं नाही.

कलम ५. एकोणऐंशी साली वस्तीच्या ओट्यावर मी तिला काडीमोड दिली. धर्म बदलला, पण काडी सुटली नव्हती. पाच पंच बसले. कुसाबाई म्हणाली, “मला एकदा दवाखान्यात तरी न्या.” मी म्हणालो, “रान खडकाळ असलं तर बैल बदलून काय होतं?” लोक हसले. पंचांतल्या वाळू गांगुर्डेने काडी मोडली, तिचा अंगठा घेतला. तो रिपोर्ट त्या वेळी माझ्या खिशात होता.

मी दुसरी बायको केली नाही. लोक म्हणाले, केवढा मोठ्या मनाचा माणूस! मन कसलं? दुसरीलाही मूल झालं नसतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं.

ती वणीला गेली. देवीच्या गडावर जाणाऱ्या बायांना खण-नारळ विकायला बसली. बौद्धाची लेक, पण पोटाला धर्म नसतो. महिनाभरात नाशिकहून कोणीतरी गेलं आणि सांगून आलं, ही वांझ आहे. वांझेच्या हातची ओटी कोण घेणार? टोपली उचलावी लागली. मग जन्मभर द्राक्षाच्या बागांत मजुरी. सांगून आलेला माणूस माझा सख्खा भाऊ होता, बुद्धभूषणचा बाप. मीच पाठवला होता.

कलम ६. बँकेत असेल ते बुद्धभूषणच्या मुलीला, मनालीला. ती सायन्स शिकते. गेल्या वर्षी तिने कॉलेजातून किरणोत्सर्ग मोजायचं मशीन आणून दगडाला लावलं. अंगणात होती तेवढीच टिकटिक. म्हणाली, “आजोबा, यात आता काही नाही. कदाचित तेव्हाही नसेल.” मी विचारलं, “मग माझं जे झालं ते?” म्हणाली, “ते आता कोणीच सांगू शकत नाही.” म्हणजे दगड सुटला. कुसाबाई तर आधीच सुटलेली. उरलं कोण, ते मोजा.

तिनेच मोबाईलवर दाखवलं. अमेरिकेने समुद्रात बॉम्ब उडवले, बेटावर राख पडली, पोरं ती हातात घेऊन खेळली. पुढे तिथल्या बायांचे गर्भ पडले. रशियाने एकाच माळावर चारशेच्या वर स्फोट केले. विचारलं की साहेब लोक सांगायचे, काही झालेलं नाही. मला लय राग आला, शिव्या दिल्या. मनाली म्हणाली, “तुम्ही एवढे का चिडता?” मी मोबाईल तिला परत दिला. मीही एका बाईला तेच सांगितलं होतं. माझ्यात काही नाही, खोट तुझ्यात. अठ्ठ्याण्णव साली पुन्हा स्फोट झाले तेव्हा वस्तीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

कलम ७. वरचं लिहून झाल्यावर महेश वकिलांना घेऊन वणीला गेलो. कुसाबाई दारात मनुके निवडत होती. मी म्हणालो, घर तुझ्या नावावर करतो.

“शेहेचाळीस वर्सांनी आला, अन् इटा घिऊन आला?”

मग रिपोर्ट वाचून दाखवला. तिचा हात थांबला नाही.

“त्या दिशी खिशात व्हता?”

“होता.”

“सदऱ्याच्या का पायजम्याच्या?”

“सदऱ्याच्या.”

“म्हंजे छातीवर.” आणि पुढचा मनुका उचलला.

मग वकिलांना म्हणाली, “साक्षीला बाई चालती का?”

वकील म्हणाले, “चालते, मावशी. पण जिला घर मिळणार तिने साक्षीला बसू नये. उद्या कोर्टात भांडण लागतं.”

“मंग घरातून माजं नाव काढा, साक्षीत घाला. तवा यांनी माजा आंगठा घेतला. आता सही येती मला. अन् मेल्यावर वाचायचं नाय. मेलेल्याला लाज नसती. जिथं काडी मोडली तिथं यानं उभं ऱ्हाऊन वाचायचं.”

मी माफीचं काढलं. म्हणाली, “ते इचारलं तर मी सही करायची नाय.”

म्हणून कलम २ रद्द. घर बुद्धभूषणला. बाबा रे, एका मजूर बाईने नको म्हणून टाकलेलं घर तुला मिळतंय, त्यात सुखाने राहा. दगड उंबऱ्याशीच राहील. आल्या-गेल्याने विचारलं तर खरं सांगायचं, तुझ्या बापासकट.

हे सगळं आज रविवारी ओट्यावर मी उभ्याने वाचलं. कलम पाचला कोणी हसलं नाही. माझ्या सहीनंतर कुसाबाईने सही केली. पाच मिनिटं लागली, कोणी घाई केली नाही. मग चहा न घेता ती वणीच्या गाडीला गेली. मी थांब म्हणालो नाही. तो हक्क मी काडीबरोबर मोडलाय.

लिहून देणार: झुंबर सखाराम गांगुर्डे. सही.

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सही-अंगठा केला:

वाळू दगडू गांगुर्डे, राहणार नाशिक. काडी मोडणाऱ्या पाचांतला उरलेला एक. हात कापतो म्हणून अंगठा.

कुसाबाई लक्ष्मण पगारे, राहणार वणी. सही.

नाशिक, १६ नोव्हेंबर २०२५